हातात कॅमेरा धरून एचडीआर : वेरूळ-देवगिरीच्या फिरतीत फोटो डबल का येतात आणि काय करायचं

दिवाळीच्या सुट्ट्या झाल्या की ओळखीतले लोक मला वेरूळचे, देवगिरीचे, मकबऱ्याचे फोटो पाठवतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, कॅमेऱ्यात एचडीआर (म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एकाच फोटोत आणायची सोय) लावलं होतं तरी असं का झालं? खांबाला दोन कडा, चालणाऱ्या माणसाला तीन पाय, डोंगराच्या कडेला पांढरी रेघ. नाहीतर मग एचडीआर चालूच झालेलं नसतं आणि तिथं उन्हात उभं राहून मेनू उघडझाक करण्यात अर्धा तास गेलेला असतो. कॅमेरा चांगला असतो, लेन्सपण ठीक असते. गडबड बहुतेक वेळा दोनच ठिकाणी होते: घरून निघताना मेनू बघितलेला नसतो, आणि बटण दाबल्यावर पहिला खट आवाज आला की हात खाली येतो.

एवढं आधी पक्कं करून घ्या. एचडीआर चालू असताना तुम्ही एकदा बटण दाबता पण कॅमेरा एकापेक्षा जास्त फोटो काढतो. कॅननमध्ये आणि सोनीच्या ऑटो एचडीआरमध्ये तीन, म्हणजे एक नॉर्मल, एक काळपट, एक जास्त उजळ. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये दोन. मग आतल्या आत ते एकमेकांवर बसवून एक फोटो तयार होतो. म्हणजे तुमचा हात एका क्लिकपुरता स्थिर राहून चालत नाही, सगळे क्लिक होईपर्यंत राहावा लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीसाठी आहेत.

ट्रायपॉड का नाही म्हणाल तर पुरातत्त्व खात्याच्या जागांवर त्याला वेगळी परवानगी लागते, आणि सुट्टीच्या दिवशी वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात तो मांडायला जागा तरी कुठं असते.

१. घरीच करायची तयारी

पहिलं काम, तुमच्या बॉडीत (म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्यात) एचडीआर आहे का ते बघा. निकॉन डी३५०० सारख्या बॉडीत एचडीआर नाही आणि ब्रॅकेटिंगपण (एकाच दृश्याचे कमीजास्त उजळ फोटो ओळीने, न जोडता काढणं) नाही, तिथं मेनू कितीही शोधला तरी सापडणार नाही. अशा वेळी रॉमध्ये (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) एकच फोटो थोडा काळपट काढून घरी सावल्या उजळ करणं हाच रस्ता.

दुसरं, इमेज क्वालिटी. एचडीआरचा पर्याय करडा पडलाय, सिलेक्टच होत नाही, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो आणि दहातल्या नऊ वेळा कारण रॉ असतं. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये, सोनीच्या ऑटो एचडीआरमध्ये आणि कॅनन ६डी सारख्या बॉडीत रॉ किंवा रॉ प्लस जेपीईजी लावलेलं असेल तर एचडीआर चालतच नाही. क्वालिटी फक्त जेपीईजी करा, तीपण फाइन आणि लार्ज. कॅनन ५डी मार्क ३ सारख्या काही बॉडीत मूळ तीन फोटोही वेगळे सेव्ह होतात, तसा पर्याय दिसला तर तो नक्की चालू ठेवा.

तिसरं, एचडीआर एका फोटोपुरतं लागतं की लागलेलंच राहतं ते बघा. कॅननमध्ये एक शॉट आणि एव्हरी शॉट असे पर्याय असतात. निकॉनच्या काही बॉडीत एक फोटो झाला की ते आपोआप बंद होतं आणि काहींमध्ये सीरिज म्हणून पर्याय असतो. हे माहीत नसलं की पहिला फोटो झकास येतो, पुढचे वीस साधेच येतात आणि ते कळतं घरी आल्यावर.

चौथं, जिथं बोट पटकन पोचेल तिथं एचडीआर आणून ठेवा, माय मेनू म्हणा किंवा एखादं फंक्शन बटण म्हणा.

मग बॅटरी. फोटो जोडायला कॅमेरा दोनचार सेकंद घेतो, तेवढ्या वेळात स्क्रीनवर बिझी दिसतं आणि बॅटरीपण नेहमीपेक्षा लवकर उतरते. जास्तीची एक भरून घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा बॅटरी आणि कॅमेरा बंद गाडीत ठेवू नका, पिशवीत सुती कापडात गुंडाळून जवळच ठेवा.

✔ चेक : घरातल्या खोलीत उभं राहून खिडकीचा एचडीआर फोटो काढा, खोलीतलं कपाट आणि बाहेरचं झाड दोन्ही फोटोत येईल असा. बटण एकदा दाबा आणि किती आवाज येतात ते मोजा. तो आवाजांचा ठेका कानात बसला पाहिजे, कारण तिकडं स्क्रीन उन्हात दिसत नाही आणि काम कानावरच चालतं. सायलेंट शटर लावलेलं असेल तर सरावापुरतं काढून टाका.

२. इथं एचडीआर लागतं का, आधी ते ठरवा

सगळीकडं लावायची ही गोष्ट नाही. ऊन समोरून भिंतीवर पडलंय, आकाश निळं आहे, तिथं एचडीआर लावलं तर उलट फोटो सपाट होतो, नक्षीची सावलीच निघून जाते आणि बेसॉल्टचा काळा दगड राख फासल्यासारखा दिसतो.

कसं ओळखायचं? एचडीआर बंद ठेवून एक साधा फोटो काढा आणि हायलाइट अलर्ट (जास्त उजळ होऊन तपशील गेलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सोय) चालू करून बघा. आकाश लुकलुकतंय आणि त्याच फोटोत सावलीतली मूर्ती पार काळी पडलीय, म्हणजे दोन्ही टोकं हातातून गेलीत, तरच एचडीआर. एकच टोक जात असेल तर एक्सपोजर कम्पेन्सेशनने (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड थोडा कमीजास्त करून) भागतं.

नीट मोजायचं असेल तर स्पॉट मीटरिंग लावा, म्हणजे कॅमेरा एका छोट्या ठिपक्यापुरताच उजेड मोजतो. देवगिरीच्या एखाद्या दरवाजात उभं राहून बाहेरच्या उन्हातल्या तटबंदीवर मीटर धरलं आणि १/१००० आलं, आतल्या दगडावर धरलं आणि १/१५ आलं, तर १०००, ५००, २५०, १२५, ६०, ३०, १५ म्हणजे मध्ये सहा स्टॉपचा फरक झाला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आता एकाच जेपीईजीत दोन्हीकडचं तपशिलासकट येणार नाही, इथं एचडीआर लावा. फरक दोनतीन स्टॉपचाच असेल तर सोडून द्या.

वेळेचंपण बघा. वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे सकाळी दर्शनी भाग आणि कैलासचं प्रांगण सावलीत आणि वर आकाश पांढरंफटक, तेव्हा एचडीआरचा खरा उपयोग होतो. दुपार कलली की ऊन दर्शनी भागावर सरळ येतं, तेव्हा दर्शनी भागाला काही गरज नाही, व्हरांड्यातून आत बघताना मात्र आहे. (वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, हे दरवेळी कुणीतरी विसरतंच.)

३. सेटिंग, याच क्रमाने

क्रम सांगतोय कारण लोक आधी एचडीआर चालू करतात आणि मग एकेक पर्याय का बदलत नाही म्हणून वैतागतात.

आधी मोड एव्ही किंवा ए वर, म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ते) तुमच्या हातात आणि फोटोफोटोमध्ये बदलतो तो फक्त शटर (किती वेळ उघडा राहतो ते). एफ/८ पासून सुरुवात करा, उजेड कमी असेल तर एफ/५.६.

मग आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) स्वतः ठरवा, ऑटो बंद. सावलीतल्या प्रांगणात ४००, दरवाजाच्या देवडीत ८०० ते १६००.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) एकच ठेवा. सावलीतला दगड ऑटोवर निळसर येतो, शेड लावलं की त्याचा मातकट काळा रंग परत येतो. ट्यूब किंवा एलईडीच्या उजेडात मात्र एचडीआरचे रंग विचित्र येऊ शकतात, तिथं जपून.

लेन्सवर किंवा बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) असेल तर चालू. फ्लॅश नाही, तसाही एचडीआरमध्ये तो उडत नाही.

आता एचडीआर चालू करा. फोटोफोटोमधला उजेडाचा फरक ऑटोवर सोडू नका, दोन ईव्ही (ईव्ही म्हणजे स्टॉपच) घ्या. तीन ईव्ही फक्त तिथं घ्या जिथं मोजून पाच-सहा स्टॉप आलेत, कारण फरक वाढला की सगळ्यात उजळ फोटोचा शटर तेवढा हळू होतो आणि हात हलल्याचं त्यात दिसतं.

इफेक्ट नॅचरल. आर्ट, व्हिव्हिड, एम्बॉस असं जे काही असतं ते सोडा, त्यात गोपुरापेक्षा इफेक्टच जास्त दिसतो.

आणि ऑटो अलाइन (फोटो एकमेकांवर नीट जुळवून बसवणं) चालू. हातात धरून काढताना हे बंद राहिलं तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

⚠ सावध : अलाइन करताना कॅमेरा कडेची थोडी पट्टी कापतो. शिखराचा कळस, ध्वजस्तंभाचं टोक, उभ्या माणसाचे पाय अगदी कडेला चिकटवू नका, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडूनच फ्रेम लावा.

४. शटरचा हिशोब

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा थांबतो.

व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा शटर मधल्या फोटोचा असतो. उजळ फोटोचा त्याहून हळू असतो. कॅननमध्ये दोन ईव्ही फरक म्हणजे चारपट हळू, तीन म्हणजे आठपट. सोनी-निकॉनमध्ये हा आकडा सगळ्यात काळपट आणि सगळ्यात उजळ फोटोंमधला असतो, म्हणून शटर तेवढा हळू होत नाही, तरी सावधगिरी म्हणून हाच हिशोब धरा. समोर १/६० दिसतंय, माझ्या हाताला १/६० जमतो असं म्हणून तुम्ही बटण दाबता आणि तिसरा फोटो प्रत्यक्षात १/१५ ला निघतो. तो हलतो. कॅमेरा तोच हललेला फोटो बाकी दोनवर चिकटवतो आणि सावलीतला भाग सगळा मऊ, पुसट होऊन येतो, कारण सावलीतला तपशील त्या उजळ फोटोमधूनच घेतलेला असतो. लोक म्हणतात लेन्स सॉफ्ट आहे, लेन्सचा काही संबंध नसतो.

म्हणून उलटा हिशोब करा. किट लेन्स १८ मिमीवर आहे, कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा, तर निकॉन-सोनीला १८ गुणिले दीड म्हणजे २७, कॅननला किंचित जास्त. मिलिमीटरचा जो आकडा येतो साधारण तेवढ्या भागाचा शटर हाताला जमतो, म्हणून हाताने धरून कमीत कमी १/३० पाहिजे. ही मर्यादा उजळ फोटोची. दोन ईव्ही लावलेत तर मधला १/१२० पाहिजे, म्हणजे समोर १/१२५ दिसलं पाहिजे. तीन ईव्ही लावलेत तर १/२५०. तेवढा येत नसेल तर आधी आयएसओ वाढवा, मग ॲपर्चर उघडा, तरीपण जमत नसेल तर फरक एक ईव्हीने कमी करा. स्टॅबिलायझेशन असेल तर हात हलण्यापुरती एकदोन स्टॉपची सवलत मिळते, पण समोर चालणाऱ्या माणसाला ते थांबवू शकत नाही.

सावलीतल्या प्रांगणात एफ/८, आयएसओ ४०० ला साधारण १/१२५ च्या आसपास मिळतं, म्हणून मी तिथूनच सुरुवात सांगितली.

अजिंठ्याच्या लेण्यांच्या आत हा हिशोब जुळतच नाही. उजेड फार कमी, फ्लॅशला बंदी, आणि मधलाच फोटो १/८ ला जातो. तिथं एचडीआरचा नाद सोडा, आयएसओ चढवून एकेक साधा फोटो काढा.

✔ चेक : बटण दाबण्याआधी दिसणाऱ्या आकड्याला चारने भागा (तीन ईव्ही असेल तर आठने) आणि स्वतःला विचारा, एवढा हळू फोटो मी हातात धरून काढला असता का?

५. फोकस

एका जागी फोकस घ्या, लागला की मॅन्युअलवर टाका किंवा लॉक करा. दरवाजातून बाहेर बघत असाल तर फोकस आतल्या दगडाच्या कडेवर घ्या, बाहेरचं वाइड लेन्सला एफ/८ ला बऱ्यापैकी येतं. मीटरिंग परत मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्हवर (पूर्ण फ्रेमचा उजेड मोजणारं) आणा, मघाशी मोजायला लावलेलं स्पॉट तसंच राहिलं तर मधलाच फोटो चुकतो आणि मग तीनही चुकतात.

६. उभं राहणं आणि बटण

पाय खांद्याएवढे लांब, एक पाय थोडा पुढं. डावा तळवा लेन्सच्या खालून, दोन्ही कोपरं बरगड्यांना लावलेली. पट्टा मानेत घालून कॅमेरा पुढं ओढा म्हणजे पट्टा ताणला जातो आणि तिसरा आधार मिळतो. डोळा व्ह्यूफाइंडरला. हात लांब करून स्क्रीनवर बघत काढलेला एचडीआर फोटो क्वचितच नीट येतो.

श्वास अर्धा सोडा, थांबा, बटण दाबा आणि दाबूनच ठेवा. खट, खट, खट (निकॉनच्या डीएसएलआरमध्ये दोनदाच). शेवटचा आवाज झाल्यावर मनात एक म्हणा आणि मगच हात खाली. माझा भाचा पहिल्यांदा कॅमेरा घेऊन आला तेव्हा पहिल्या आवाजाला लगेच स्क्रीन बघायला कॅमेरा खाली घ्यायचा आणि म्हणायचा, "मामा, माझ्याच फोटोत खांब वाकडे का येतात?" मी त्याला सांगितलं, बाबू, तू फोटो एक काढतोयस आणि दोन रस्त्याचे काढतोयस. मग त्याने पाच फोटो आवाज मोजत काढले आणि पाचवा सरळ आला.

बोटाने कॅमेरा दबतो असं वाटत असेल तर दोन सेकंदाचा टायमर लावा, बऱ्याच बॉडीत तो एचडीआरबरोबर चालतो.

बसून काढायचं असेल तर गुडघ्यावर कोपर टेकवा, म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या थोडं पुढं, हाडावर हाड टेकवलं की हलतं.

⚠ सावध : आधारासाठी कोरलेल्या खांबाला, मूर्तीला टेकू नका आणि रंगवलेल्या भिंतीला तर हातसुद्धा लावू नका. आपल्या घामाने आणि पाठीच्या पिशवीने त्या दगडाचं नुकसान होतं. बाहेरचा साधा कठडा, पायरी, नाहीतर बरोबरच्या माणसाचा खांदा घ्या.

आणि माणसं. शाळेची सहल समोरून चाललीय तेव्हा थांबा. एचडीआरला अर्धा-पाऊण सेकंद लागतो, तेवढ्यात चालणारा माणूस पाऊलभर पुढं गेलेला असतो आणि फोटोत भुतासारखा दोनतीनदा उमटतो. दोन घोळक्यांच्या मध्ये मोकळी जागा पडते, ती येऊ द्या. घरच्यांना फ्रेममध्ये उभं करायचं असेल तर त्यांना आधीच सांगा, तीन आवाज होईस्तोवर हलू नका. पदर उडत असेल तर तो हातात धरायला सांगा.

७. जागेवरच तपासणी

फोटो तयार झाला की तोंडावर सावली धरून स्क्रीन बघा आणि तीन जागी झूम करा. मधोमध नाही, एक कोपरा, एक सावलीतली कोरीव कड, आणि जिथं आकाश दगडाला भिडतं ती रेघ. कोपऱ्यात डबल कड दिसली तर हात हलला. सावली मऊ आणि कोपरा ठीक असेल तर शटर हळू झाला, चौथ्या पायरीला परत जा. आकाशाच्या रेघेवर पांढरा पट्टा आला तर फरक जास्त झाला, एक ईव्ही कमी करा, निकॉनमध्ये स्मूदिंगचा पर्याय असतो तो बदलून बघा.

एका जागेचे तीन एचडीआर घ्या आणि शेवटी क्वालिटी रॉ करून ब्रॅकेटिंगचा एक सेट घ्या. मी हे शिकलो वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात, ज्याला लोक सुतार का झोपडा म्हणतात. छतावर लाकडी वाशांसारख्या एकसारख्या दगडी फासळ्या आहेत, समोर स्तूपाला टेकून बसलेले बुद्ध. मी हात अजिबात न हलवता पाच फोटो काढले, स्क्रीनवर छोटे बघून खुश झालो, घरी आल्यावर बघतो तर बुद्ध एकदम स्पष्ट आणि वरच्या फासळ्या दुप्पट. कॅमेऱ्याला एकसारख्या रेघा, जाळ्या, पट्टे असले की कुठली रेघ कुठल्या रेघेवर बसवायची ते कळत नाही, तो शेजारच्या फासळीवर बसवून टाकतो. त्यात हाताची चूक नव्हती, पण मी जागेवर छत झूम करून बघितलं नव्हतं ही चूक माझीच.

८. आपल्याकडच्या काही जागा, जिथं हमखास बिघडतं

बीबी का मकबऱ्यात कबरीभोवतीची संगमरवरी जाळी म्हणजे तीच दहा नंबरच्या लेण्याची अडचण. जाळी पूर्ण फ्रेम भरून घेऊ नका, तिच्यासोबत काहीतरी वेगळ्या आकाराचं फ्रेममध्ये येऊ द्या, कमान चालेल. बाहेरच्या पांढऱ्या भिंतीवर आणि मोकळ्या आकाशावरसुद्धा एचडीआरने डाग-पट्टे आल्यासारखं दिसू शकतं, तिथं साधा फोटो बरा.

देवगिरीच्या अंधारीत (किल्ल्यातल्या अंधाऱ्या भुयारी वाटेत) आत काही उपयोग नाही, मिट्ट काळोख आहे. उपयोग आहे तो बाहेर पडायच्या तोंडाशी, पण तिथं मागून माणसं येत असतात. वाट सोडून बाजूला उभे राहा, फोटोपायी कुणाचा पाय घसरायला नको.

नळदुर्गला पावसाळ्यात पाणी महालाच्या खिडकीतून समोर पडणारं पाणी बघायला लोक जातात आणि आत अंधार, बाहेर पांढरं पाणी म्हणून एचडीआर लावतात. पाणी प्रत्येक फोटोत वेगळं असतं, मग ते दह्यासारखं गुठळ्यांचं दिसतं. पाण्यासाठी एक फोटो, रॉमध्ये, जरा काळपट, आणि खिडकीची चौकट काळी राहू द्या, ती काळीच छान दिसते.

तुळजापूरला फडकणारे झेंडे, झाडांच्या फांद्या, कबुतरं, सगळीकडं हाच नियम. वारा असेल तर झेंडा फ्रेमच्या बाहेर ठेवा नाहीतर एचडीआर बंद करा.

९. मोबाईलवाल्यांसाठी थोडक्यात

नव्या फोनमध्ये एचडीआर बहुतेक आपोआपच लागतं आणि बरेच फोटो जोडायचं काम फोन फार पटकन करतो, त्यामुळे वरचा शटरचा हिशोब तुम्हाला करायचा नाही. पण तीन गोष्टी करा. लेन्स पुसा, कारण बोटाचा तेलकट डाग असला की उजेडाच्या कडेला धूर दिसतो. सावलीतल्या भागावर बोट टेकवून मग उजेडाचा स्लायडर थोडा खाली घ्या, नाहीतर आकाश जातंच. आणि बटण दाबल्यावर एक सेकंद फोन तसाच धरा, अंधारात फोनने थांबायला सांगितलं तर ते पूर्ण होईपर्यंत.

१०. निघताना

गाडीकडं वळायच्या आधी एचडीआर बंद, क्वालिटी परत रॉ, आयएसओ परत ऑटो. संध्याकाळी खुलताबादच्या रस्त्यावर चहाला थांबून पोरांचे खेळतानाचे फोटो काढले आणि एचडीआर चालूच होतं, मग सगळी पोरं डबल, असे फोटोपण मला येतात. घरी गेल्यावर कार्ड लगेच फॉरमॅट करू नका, जोडलेला फोटो मोठ्या स्क्रीनवर कोपऱ्यापर्यंत तपासून होईपर्यंत मूळ तीन फोटो आणि ब्रॅकेटिंगचा सेट तसाच राहू द्या.